चिकमगळूरची उसनी ओळख

रायबरेलीत १९७७ साली राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी पराभूत झालेल्या इंदिरा गांधींची संसदेत परतण्याची वाट बंगळुरूतून निघाली. जनता लाटेतही कर्नाटकाने काँग्रेसला २८ पैकी २६ जागा दिल्या होत्या. डी. बी. चंद्रेगौडा यांनी चिकमगळूरची जागा रिकामी केली आणि अलाहाबादेत जन्मलेल्या, कन्नड न जाणणाऱ्या या माजी पंतप्रधान मलनाडच्या घाटवाटांवर उतरल्या. समोर माजी मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील होते.

कॉफीच्या मळ्यांतील मजूर, मुडिगेरे-शृंगेरीकडचे शेतकरी, रस्त्याकडेला थांबलेल्या स्त्रिया यांच्यापर्यंत त्या गावोगाव पोहोचल्या. मात्र ही ओळख सर्वस्वी त्यांनी कमावलेली नव्हती. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या १९७४च्या कूळ कायदा दुरुस्तीने कसणाऱ्यांना जमिनीची आशा दिली होती. तालुक्यातालुक्यांत त्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते.

नोव्हेंबर १९७८मध्ये त्या ७० हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. डिसेंबरमध्येच लोकसभेने विशेषाधिकारभंगावरून त्यांचे सदस्यत्व रद्द केले. जिल्ह्याचा आवाज महिनाभरात थांबला. १९७९मध्ये अर्स दुरावले. १९८०मध्ये इंदिराजी रायबरेली आणि मेडक येथून लढल्या व मेडक राखून पुन्हा पंतप्रधान झाल्या. १९८४मध्ये त्यांची हत्या झाली.

चिकमगळूरने त्यांना संजीवनी दिली. उमेदवाराने जिल्हा ओळखला, पण जिल्ह्याच्या पदरात त्या ओळखीचे काय पडले, हा प्रश्न मात्र उरलाच.