आचार्य जगदीशचंद्र बोस : रेडिओला कान देणारे शास्त्रज्ञ

आपल्या लोधीखेडा-सौंसर भागातल्या जुन्या पिढीला नागपूर आकाशवाणीचे वेगळे सांगायला नको. पण हवेतून आलेली लहर रेडिओ ओळखतो कशी? या प्रश्नावर सुरुवातीच्या काळात मोलाचे काम केले ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलाला आधी मातृभाषेच्या शाळेत घातले. तिथे कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत असे. पुढे कोलकाता आणि केंब्रिज येथे शिकून १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार कमी ठरला, तेव्हा घरावर कर्ज असूनही त्यांनी तीन वर्षे पगार न घेता शिकवले. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह दिला.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडून लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली. लहर पाठवण्याइतकेच ती ओळखणेही अवघड होते. त्या काळी काचेच्या नळीत धातूचा कीस भरत. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि त्यातून वीज वाहू लागे. पण पुढचा संकेत घेण्यासाठी नळीला टिचकी मारावी लागे. बोस यांनी किसाऐवजी बारीक स्प्रिंगा वापरल्या. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांचे असे उपकरण मांडले, की ते टिचकीशिवाय पुन्हा तयार होई आणि संकेत टेलिफोनमध्ये ऐकू येई.

पुढचे पाऊल गॅलिना या शिशाच्या खनिजाचे. मीडियम वेव्हची लहर एरियलमध्ये सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट वीज खेळवते. कानाला लावायच्या फोनचा पडदा इतक्या वेगाने हलू शकत नाही. गॅलिनाच्या खड्याला बारीक तार टेकवली, की वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. मग लहरीवर स्वार झालेला आवाज तेवढा मागे उरतो. पुढे घरोघरी बनलेले क्रिस्टल रेडिओ याच गुणावर चालले. त्यांना बॅटरीही लागत नसे.

शोधावर पैसा मिळवणे बोस यांना रुचत नव्हते. मित्रांच्या आग्रहाने १९०१ मध्ये त्यांनी अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले. पण त्यातून कमाई करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संस्था उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मातृभाषेच्या शाळेतून निघालेला हा मुलगा जगाच्या विज्ञानात मानाने बसला. परप्रांतात मराठी जपणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.