कायद्याचे प्रोफेसर बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांचे नाव घेतले की चवदार तळे, नागपूरची दीक्षा आणि राज्यघटना आठवते. पण मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते १९२८ ला प्रोफेसर आणि १९३५ ला प्रिन्सिपॉल झाले, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? परळच्या चाळीत दिवस काढलेला माणूस तिथं वकील घडवू लागला.

हाच कायदा त्यांनी गिरणीच्या दारातही तपासून पाहिला. १९३८ ला मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. उद्योगात शांतता पाहिजे म्हणून संपावर बंधने आणि मोडली तर शिक्षा! बाबासाहेबांनी असेंब्लीत कडाडून विरोध केला. मनाविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरीच, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला. तरी कायदा पास झालाच.

पुढे १९४९ ला घटना समितीत त्यांनी अटकेबाबतचे कलम मांडले. अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. तेच आजचे २२ वे कलम. राज्याच्या सुरक्षेसाठी खटल्याविना डांबायची सोयही त्यातच राहिली. पण तिलाही मुदतीची आणि सल्लागार मंडळाची वेसण घातली गेली.

बंधू-भगिनींनो, पोलीस दारात आला तर घाबरायचे की कारण विचारायचे, हे त्या कलमाने ठरते. घरातल्या एका तरी लेकराकडून ते मोठ्याने वाचून घ्या.

जयभीम!