कर्ज देण्याआधी बँकेने काय विचारावं? आयुष्यभर हा प्रश्न लावून धरणारे धनंजयराव गाडगीळ

मीरा रोडला वन बीएचके बघायला गेलात की बिल्डरच्या ऑफिसातच कर्जाचं काम बघणारा माणूस बसलेला असतो. पॅन नंबर द्या, दोन मिनिटांत सांगतो, म्हणतो. घरी येऊन आपण आणखी तीन-चार अ‍ॅपवर किती कर्ज मिळेल ते सहज बघतो. महिन्याभराने जिथून खरंच कर्ज हवंय ती बँक विचारते, इतक्या ठिकाणी अर्ज का केलेत?

बँकेला हे कळतं कारण प्रत्येक अर्जाबरोबर कर्ज देणारी संस्था तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते. कोणी मागवला, कधी, कोणत्या कर्जासाठी आणि किती रकमेसाठी, हे सगळं त्या रिपोर्टमध्ये नोंदलं जातं. याला म्हणतात क्रेडिट इन्क्वायरी, म्हणजे तुमच्या पतीची चौकशी.

ही चौकशी कॉम्प्युटरच्या आधीपासून चालत आलीय. कर्ज देताना नेमकं काय विचारायचं, यावर महाराष्ट्रातल्या एका अर्थतज्ज्ञाने आयुष्याची बरीच वर्षं घालवली. ही गोष्ट त्यांची, धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची.

नागपूर, केंब्रिज आणि मग पुणे

गाडगीळांचा जन्म 10 एप्रिल 1901 चा. शाळा नागपुरात झाली, पुढचं शिक्षण केंब्रिजमध्ये. तिथे भारतातल्या उद्योगांच्या वाढीवर त्यांनी प्रबंध लिहिला. 1924 मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि पुढे कित्येक वर्षं विद्यार्थी ते वाचत राहिले.

परत आल्यावर काही वर्षं ते सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. घरोघर जाऊन माहिती गोळा करायची आणि मगच बोलायचं, ही या संस्थेची पद्धत. पुणे शहराची त्यांनी केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी आजही नावाजली जाते.

सावकाराची चौकशी

त्या काळात गावातल्या शेतकऱ्याला कर्ज कोण द्यायचं? बहुतेक वेळा सावकार. त्याला कुठल्याही रिपोर्टची गरज नव्हती. जमीन किती, दागिने किती, घरात लग्न कधी, बैल कुणाचे, हे त्याला तोंडपाठ असायचं. त्याचं कर्ज लगेच मिळायचं, पण व्याज आणि हिशेबाची वही दोन्ही त्याच्याच हातात.

सहकारी सोसायटी होती, पण ती बहुतेक वेळा जमिनीचं तारण मागायची. जमीन थोडी असली किंवा नावावरच नसली, तर तिथे दार बंद.

1951 मध्ये रिझर्व्ह बँकेने याचा छडा लावायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला आणि सदस्यांमध्ये गाडगीळ होते. 75 जिल्ह्यांतली 600 गावं निवडली गेली आणि 1 लाख 27 हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती गोळा झाली. एरवी चौकशी कर्ज घेणाऱ्याची होते. इथे ती कर्ज देणाऱ्या व्यवस्थेची झाली.

1954 मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता फक्त 3.1 टक्के. व्यापारी बँकांचा 0.9 टक्के. सावकारांचा जवळजवळ 70 टक्के.

प्रश्न बदलला

समितीने सुचवलं की पीककर्ज देताना फक्त जमिनीकडे बघू नका, येणाऱ्या पिकाकडे बघा. म्हणजे तुझ्याकडे काय आहे, याऐवजी तू कशातून फेडशील, हे विचारा. आणि माल सहकारी संस्थेमार्फत विकला गेला की त्यातून वसुली करा. मुंबई राज्यात पीककर्जाची पद्धत आधीपासून होती, ती देशभर नेण्याचा हा प्रयत्न होता. याच अहवालानंतर 1955 मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली.

गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नव्हते. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ. एकट्याची पत कमी पडते तिथे सगळ्यांची मिळून पत उभी राहते, हे तिथे दिसलं.

अर्थात पुढे अनेक सहकारी संस्थांमध्ये राजकारण शिरलं. ओळखीवर कर्जं वाटली गेली, थकबाकी वाढली. माणूस ओळखून कर्ज देण्याची ही दुसरी बाजू.

तुमच्या जिल्ह्याशी संबंध काय?

1967 मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं गाडगीळ सूत्र त्याच काळातलं. 1969 मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने सांगितलं की बँकांनी जिल्हा हा घटक धरावा आणि कर्ज कुठे पोचत नाही ते शोधावं. त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. ठाणे जिल्ह्यासाठी ती बँक ऑफ महाराष्ट्र. मीरा आणि भाईंदर तेव्हा ठाणे जिल्ह्यातली गावं होती, नगरपरिषद आली 1985 मध्ये.

दिल्लीतलं काम संपवून परत येताना, 3 मे 1971 ला रेल्वे प्रवासातच गाडगीळांचं निधन झालं.

आजची चौकशी कशी चालते?

सिबिलची स्थापना झाली 2000 मध्ये, म्हणजे गाडगीळ गेल्यानंतर 29 वर्षांनी. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. स्कोअर असतो 300 ते 900.

आता ओळख लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण रिपोर्टला तुमची गोष्टही माहीत नसते. थोड्या दिवसांत पाच इन्क्वायरी दिसल्या, तर तुम्ही फक्त व्याजदर बघत होतात की पैशांची खूप ओढाताण होती, हे त्यात लिहिलेलं नसतं. बँक अंदाज बांधते आणि तो बरेचदा तुमच्या विरोधात जातो. एखाद-दुसऱ्या इन्क्वायरीने फार बिघडत नाही. हप्ते वेळेवर भरणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

म्हणून एवढं करा:

- आधी स्वतःचा रिपोर्ट बघा. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.
- व्याजदरांची तुलना अर्ज न करता करा. अर्ज एक-दोन ठिकाणीच.
- तुमचा रिपोर्ट कोणी मागवला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. तुम्ही न केलेल्या अर्जाची इन्क्वायरी दिसली तर लगेच तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.
- कर्ज नाकारलं तर कारण विचारा.

सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, हे शेतकऱ्याला बघता येत नव्हतं. तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला बघता येतं. बिल्डरच्या ऑफिसात पॅन नंबर देण्याआधी ते एकदा बघून घ्या.