क्ष-किरणांतून द्रव्याची रचना शोधणारे डॉ. जी. एन. रामचंद्रन

के. आर. पुरम, बंगळुरू : प्रथिनांच्या रचनेसंबंधीच्या ‘रामचंद्रन आलेखा’मुळे डॉ. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचे नाव जगभरातील पाठ्यपुस्तकांत पोहोचले. मात्र त्यांच्या संशोधनाचा प्रारंभ बंगळुरूमध्ये प्रकाश, हिरे आणि क्ष-किरण यांच्या अभ्यासाने झाला. धातूंमधील रचनाबदल टिपणाऱ्या आधुनिक तंत्राशी या कार्याचे निकटचे नाते आहे.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. १९४२ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले; परंतु सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळविले.

१९४३ मध्ये त्यांनी सूक्ष्म कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वलयांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या वलयांतील प्रकाश एकसारखा नसतो. कणाकणांवरून आलेल्या लहरी कोठे परस्परांना बळ देतात, तर कोठे परस्परांना नाहीशा करतात. त्यामुळे तेजस्वी व काळे ठिपके उमटतात. या चढउतारांचे नियम त्यांनी तपासले. पुढील वर्षी त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्यांतील दोषांची छायाचित्रे घेतली.

मिश्रधातू तापविल्यास वा निवविल्यास तिच्यातील अणूंची मांडणी बदलते. साध्या क्ष-किरणांनी या मांडणीचे सरासरी चित्र मिळते. ज्यांच्या लहरी ठराविक मेळ राखून चालतात, अशा सुसंगत क्ष-किरणांत मात्र ठिपक्यांची नक्षी उमटते आणि मांडणी बदलताच नक्षीही पालटते. १९९१ मध्ये तांबे व सोने यांच्या मिश्रधातूवर असे ठिपके प्रथमच नोंदविले गेले.

नक्षीवरून मूळ रचना उभी करणे सोपे नसते. लहरींची तीव्रता मोजता येते. त्यांची कला, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे वा पुढे आहे, ही माहिती मोजणीत हरवते. स्फटिकशास्त्रातील हीच मोठी अडचण होय. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ मध्ये एका रचनेची तीव्रता आणि दुसरीची कला एकत्र करून पाहिली. तयार झालेल्या चित्रात कला ज्या रचनेची, तीच रचना ठळकपणे दिसली. मोजता न येणारी गोष्टच अधिक मोलाची ठरली.

केंब्रिज येथून पीएच. डी. मिळवून परतलेल्या रामचंद्रन यांनी १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाची धुरा स्वीकारली. १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्यासह त्यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी मळसूत्री रचना मांडली. १९६३ मध्ये सहकाऱ्यांसमवेत ‘रामचंद्रन आलेख’ सिद्ध केला. त्यानंतर बंगळुरूला परतून त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवभौतिकी विभाग उभारला. क्ष-किरणांच्या छायांवरून त्रिमितीय प्रतिमा घडविण्याची गणिती पद्धत त्यांनी १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह मांडली.

उत्तरायुष्यात त्यांना कंपवाताने ग्रासले. १९९९ मध्ये स्फटिकशास्त्रातील एवाल्ड पुरस्काराने त्यांना गौरविण्यात आले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.