रघुनाथरावांकडे येणारे प्रश्न

दहावी-बारावीतलं मूल घरात असलं की आईचे कान आपोआप टवकारतात. अंबरनाथहून कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजात जाणारी लेक नेहमीची लोकल सोडून पुढच्या लोकलने आली, मुलाने मोबाइल पटकन उलटा ठेवला, एवढंही पुरतं. ओरडावं की विश्वास ठेवावा? बोलायचं ठरवलं तरी शब्द सापडत नाहीत. हे शब्द मराठी घरात यावेत म्हणून ज्याने नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लावली, तो माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरूडचा. आई राधाबाई लग्नात आठ वर्षांच्या, वडील चौदाचे. मुलं 'भलत्या नादाला' लागतील ही काळजी त्या काळाने कशी मिटवली होती बघा, नाद कळायच्या आतच लग्न! राधाबाई १८९१ मध्ये गेल्या तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी अण्णांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने वाळीत टाकलं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न या मुलाने लहानपणीच जवळून पाहिला होता.

पुढे ते गणिताचे प्रोफेसर झाले, पॅरिसला शिकून आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजच्या चालकांना हा प्रचार रुचला नाही, तेव्हा प्रचाराऐवजी त्यांनी १९२५ मध्ये नोकरीच सोडली. या जोडप्याने मूल न होऊ देण्याचं ठरवलेलं होतं. मालतीबाईंनी संसाराची ओढाताण सोसली आणि नवऱ्याच्या कामाला हातभार लावला. त्यांच्याबद्दल फारच कमी बोललं जातं, हे मला नेहमी खटकतं.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. वाचक त्यांना प्रश्न लिहून पाठवत. घरात ज्याची चौकशी केली असती तर थोबाडीत बसली असती, असे प्रश्न! रघुनाथराव लाजत नसत, रागवत नसत, सरळ उत्तर देत. १९३१ मध्ये अश्लीलतेबद्दल शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, तोही वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक विचारतात तर उत्तर द्यायलाच हवं, हा त्यांचा मुद्दा साधा होता. तरी खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

आईबापांबद्दल त्यांचं मत कडक होतं. माहिती दिल्याने मुलं बिघडतात हे त्यांना मान्यच नव्हतं. अज्ञानातच ती फसतात, असं ते मांडत. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे दारात वाट बघणाऱ्या आईची धडधड त्यांच्या तर्कात बसली नाही, असं मात्र मला वाटतं. त्या धडधडीला आज कायद्याचीही बाजू आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुला-मुलीची संमती धरली जात नाही. प्रेमात पडलेल्या सतरा वर्षांच्या पोरांना हे माहीत नसतं आणि त्यावरून पोरगा गजाआड जाऊ शकतो. हे त्यांना सांगणार कोण? शरीराची माहिती मोबाइल देतो, पण ही आणि 'नाही' म्हणायचं कसं, 'नाही' ऐकायचं कसं, ही घरातूनच मिळायला हवी.

रघुनाथरावांच्या हयातीत पैसा कधी आला नाही, मान तर नाहीच. तरी सव्वीस वर्षं अंक निघत राहिला आणि प्रश्न येत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा.