हिमभूमीतील बंदर

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट होय. त्याचा सुमारे चार पंचमांश भाग बारमाही बर्फाच्या जाड थराखाली झाकलेला असतो. मनुष्यवस्ती आहे ती केवळ समुद्राच्या काठाने. एका शहरातून दुसऱ्या शहरास नेणारी सडक नसल्यामुळे तेथील बहुतेक प्रत्येक गाव हे बंदरच असते. या देशाची राजधानी असलेल्या नूक बंदराचा पाया हान्स एगेडे याने घातला.

हान्सचा जन्म १६८६ साली नॉर्वेच्या उत्तर भागात झाला. शिक्षण पुरे झाल्यावर तो लोफोटेन बेटांत धर्मोपदेशक म्हणून काम करू लागला. शेकडो वर्षांपूर्वी नॉर्वेकडील काही लोक ग्रीनलंडमध्ये जाऊन राहिले होते; पुढे त्यांची वार्ताच बंद झाली. त्या विसरलेल्या बांधवांना शोधून काढावे, असा ध्यास हान्सने घेतला. त्या काळी नॉर्वेवर डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. अनेक वर्षे अर्जविनंत्या केल्यावर त्याला राजाचा व बर्गेनच्या व्यापाऱ्यांचा आश्रय मिळाला. १७२१ च्या मे महिन्यात पत्नी गर्ट्रूड आणि चार मुले यांना घेऊन तो निघाला. त्याच्या जहाजाचे नावही ‘आशा’ असेच होते.

जुलैच्या आरंभी ही मंडळी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यास लागली. ज्यांच्या शोधासाठी ती आली होती, त्यांचा मागमूसही तेथे नव्हता. तेथे राहत होते ते सील माशांची, म्हणजे खरे पाहता सील नावाच्या सस्तन प्राण्यांची, शिकार करणारे इन्युइट लोक. हान्सने किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावर वसाहत केली. परंतु ती जागा खुल्या समुद्राच्या तोंडाशी होती. ताजे अन्न नसल्याने वसाहतकऱ्यांना स्कर्व्ही हा रोग जडला. हिरड्या सुजू लागल्या, अंगातील बळ गेले. अनेकांनी परतीची वाट धरली.

त्याच किनाऱ्यावर इन्युइट कुटुंबे मात्र पिढ्यानुपिढ्या नांदत होती. त्यांची हिवाळी घरे दगडांची व गवताळ मातीच्या ढेपांची असत. परभणीकडील माळवदाच्या घराची जाड भिंत जशी उन्हाळ्याची आग बाहेर ठेवते, तशी ही भिंत थंडीला बाहेर थोपवी. आत जाण्याची वाट बोगद्यासारखी व जमिनीहून खोल असे. त्यामुळे जड असलेली थंड हवा खालीच राही. सीलच्या चरबीवर दिवा जळे आणि त्याच्या ताज्या मांसातून स्कर्व्ही टाळणारे जीवनसत्त्वही मिळे. हान्स आपल्या मुलांसह अशा घरांत जाऊन राहिला व तेथील भाषा शिकू लागला. मुलगा पोल तर खेळता खेळता ती उत्तम बोलू लागला.

१७२८ साली राजाने चार जहाजे पाठविली. तेव्हा वसाहत बेटावरून उचलून मुख्य भूमीवर, एका लांब खाडीच्या मुखाशी नेण्यात आली. या जागेचा मोठा गुण असा, की तेथील समुद्र हिवाळ्यातही सहसा गोठत नाही. नव्या वसाहतीला गॉडहाब, म्हणजे ‘शुभ आशा’, हे नाव मिळाले. परंतु राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या भूमीचा विचार न करता सैनिक, तोफा आणि बर्फ ओलांडण्यासाठी चक्क घोडे आणले होते! पहिल्याच हिवाळ्यात घोडे मेले व कित्येक माणसेही स्कर्व्हीने दगावली. पुढे नव्या राजाने सर्वांना परत बोलाविले. हान्स मात्र पत्नीच्या आग्रहाने थोड्या सोबत्यांसह तेथेच राहिला.

याहून दारुण प्रसंग १७३३ साली ओढवला. डेन्मार्कहून परतलेल्या एका ग्रीनलंडवासी मुलाबरोबर देवीचा रोग तेथे आला. इन्युइटांना त्या रोगाची ओळखच नव्हती. घरेच्या घरे ओस पडली. ज्या जहाजांनी वसाहतीला अन्न आणले, त्यांनीच हा मृत्यूही आणला. हान्स आणि गर्ट्रूड यांनी रुग्णांना आपल्या घरात आणून त्यांची शुश्रूषा केली. त्या कष्टांनी गर्ट्रूडची प्रकृती ढासळली आणि १७३५ साली ती निवर्तली. पुढच्या वर्षी हान्सने ग्रीनलंडचा निरोप घेतला. त्या देशाची भूमी, प्राणी व लोकजीवन यांचे वर्णन करणारा ग्रंथ त्याने लिहिला. १७५८ साली त्याचे निधन झाले.

हान्सच्या कार्याची थोरवी आणि त्या कार्याने झालेली हानी या दोहोंचाही विचार ग्रीनलंडचे लोक आज करतात. गॉडहाबला आता त्यांच्याच भाषेतील नूक, म्हणजे ‘भूशिर’, हे नाव आहे. तेथे सुमारे वीस हजार लोक राहतात. बंदर बांधणाऱ्याने आधी वारा, पाणी व बर्फ यांचा स्वभाव ओळखावा आणि तेथे पूर्वीपासून राहणाऱ्यांना गुरुस्थानी मानावे, हीच हान्सच्या जीवनाची शिकवण आहे.