एका घरातले दोन धर्म

महाराष्ट्रात मंगरूळ नावाची गावं पुष्कळ आहेत. आमच्या मंगरूळला मात्र मागे 'पीर' लागतो. एकीकडे बाबा हयात कलंदर यांचा दर्गा, दुसरीकडे बिरबलनाथ महाराजांचं संस्थान. दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसं जाताना मी लहानपणापासून बघत आले. पण घरी? घरी आजीने फडताळात एक कप वेगळा ठेवलेला असायचा. तो कोणासाठी हे कोणी बोलत नसे. मागच्या सुट्टीत माझी रूममेट घरी आली, तेव्हा तिचा चहा त्याच कपातून आला. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

त्यानंतर लायब्ररीतून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणलं. मी कॉन्व्हेंटची, मराठी पुस्तकं तशी कमीच वाचलेली. पण हे दोन रात्रींत संपवलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. (हे सगळं तिने इतक्या गमतीने लिहिलंय की रात्री हसू आवरत नव्हतं.) अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा म्हणजे नारायण वामन टिळक, 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे कवी. त्यांनीच तिला लिहा-वाचायला शिकवलं. माणूस बुद्धिमान, मायाळू, पण भलताच लहरी. न सांगता घरातून निघून जायचं, घरखर्चाचे पैसे कोणालाही देऊन टाकायचे. संसार म्हणजे एक कसरतच!

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोची संमती नव्हतीच. इथे मला टिळकांचा खरंच राग येतो. स्वतःच्या मनाला पटलं ते केलं, ठीक आहे. पण त्या काळात नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्या बाईचं काय? ना सवाष्ण, ना विधवा. चिमुकल्या दत्तूला घेऊन ती बहिणीच्या आधाराने पंढरपूरला राहिली. तिला सांभाळणारे हे नातेवाईकही कर्मठ समाजातलेच होते, तरी त्यांनी तिला टाकलं नाही. धर्मांतराच्या गोष्टीत अशा माणसांचं नाव सहसा कोणी घेत नाही.

१८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्याचा जोडीदार नांदायला तयार नसेल, तर लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या. आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी त्यांनी वेगळं ठेवलं आणि टिळकांनी ते ठेवू दिलं. नवरा मिशनच्या कामात, बायको सोवळ्यात, आणि आजूबाजूची सगळी वस्ती ख्रिस्ती. भांडणं झाली नसतील असं नाही, टिळकांचा स्वभाव तापटच होता. पण धर्मासाठी तिच्यावर जबरदस्ती झाली नाही. सणाला एकमेकांच्या घरी जाणं आपल्याला जमतं हो, रात्री आपापलं दार लावून घेता येतं. इथे दारच एक होतं.

मग हळूहळू त्यांच्या स्वतःच्याच मनात विचार सुरू झाला. जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळालं, तसं त्यांनी सर्वांच्या हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. तेव्हाही त्या ख्रिस्ती नव्हत्याच! आधी शिवाशिव सुटली, धर्म नंतर बदलला. बाप्तिस्मा १९०० साली, दत्तूसोबत.

पुढे प्लेगच्या छावणीत त्यांनी काम केलं, अनाथ मुलं घरात वाढवली. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. घरात आधीच होऊन गेलेला प्रयोग त्यांनी मोठा केला असं मला वाटतं. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. त्याचे तब्बल ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या बाईने! 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापून आलं आणि १९३६ मध्ये त्या वारल्या. सोवळं पाळणारे वडील असोत की मिशनरी मंडळी, त्यांनी चेष्टा सगळ्यांची केली आहे, स्वतःची सर्वात जास्त.

दिवाळीत पुस्तक घरी घेऊन गेले होते. आजीने चष्मा लावून वाचायला घेतलं. पंढरपूरपर्यंत आली आणि मला म्हणाली की राहू दे इथेच थोडे दिवस. लायब्ररीत कोणाला पुस्तक हवं असेल, तर अजून ते मंगरूळपीरलाच आहे. दंड मी भरतेय.